वाढत्या अंगाची पिशवी

टेंट विकत घेताना माणूस फार चिकित्सक होतो. आत बसून डोकं छताला लागतं का ते बघतो. जाळीवरून बोट फिरवतो, चेन खालीवर करून तिचा आवाज ऐकतो. किती मिलिमीटर पाण्याचा दाब कापड सोसेल हे लेबलावर वाचतो आणि त्यातलं काही न कळता समाधानाने मान डोलावतो. शेवटी दुकानाच्या फरशीवर उभ्या केलेल्या त्या टेंटमध्ये आडवा होऊन बायकोला म्हणतो, "तूही ये की आत," आणि बायको म्हणते, "लोक बघतायत." एवढ्या सगळ्या परीक्षा देऊन टेंट पास होतो. ज्या पिशवीतून तो बाहेर निघाला, ती मात्र हा सगळा वेळ काउंटरखाली पडलेली असते. तिची लांबी-रुंदी कोणी विचारत नाही.

वास्तविक टेंटशी आपली गाठ पडते रात्री, तीही अर्धवट झोपेत. पिशवीशी पडते पहाटे, चहाच्या आधी. दिवसभर चढून आलेल्या माणसाला कसल्याही टेंटमध्ये झोप लागते. सकाळी तोच टेंट पिशवीत घालताना मात्र भल्याभल्यांचा स्वभाव उघडा पडतो. ज्यांचं लग्न ठरायचं आहे त्यांनी कांदेपोह्यांच्या भानगडीत न पडता दोघांनी मिळून एक ओला टेंट त्याच्या पिशवीत घालून बघावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. पत्रिकेपेक्षा जास्त कळतं आणि वेळही कमी लागतो.

टेंट पहिल्यांदा त्या पिशवीत कोणी आणि कसा घातला, हा डोंगरभटक्यांच्या जगातला मोठा गूढ प्रश्न आहे. कारखान्यातून आलेला टेंट इतका शहाण्यासारखा बसलेला असतो, की वर दोन बोटं जागा उरते. एकदा बाहेर निघाला, की पुन्हा जन्मात तसा बसत नाही. यावर शेकोटीभोवती बरेच सिद्धांत मांडले जातात. कोणी म्हणतं, यंत्राने हवा ओढून घेतात. कोणी म्हणतं, वरून लोखंडी रूळ फिरवतात. मला सगळ्यात पटलेला सिद्धांत असा, की ते लोक टेंट पिशवीत घालतच नाहीत. आधी टेंट गुंडाळतात आणि मग त्याच्याभोवती पिशवी शिवतात. खरं कारण इतकं रंजक नाही. टेंट विकणाऱ्याला दोन आकडे छापायचे असतात, वजन आणि गुंडाळल्यावरचं माप, आणि दोन्ही जितके लहान तितका माल उठतो. म्हणजे पिशवी शिवलेली असते ती त्या आकड्यासाठी. कोरड्या कापडाची, सपाट टेबलावर, दिवसभर तेच काम करणाऱ्या हातांनी घातलेली घडी तिच्यात जाते. फक्त तीच जाते.

डोंगरावर टेबल नसतं. आपल्याकडे टेंट लावायचा खरा हंगाम म्हणजे दिवाळीनंतरची थंडी, आणि थंडी म्हणजे दव. रात्री आभाळ निरभ्र असलं, की टेंटचं वरचं कापड भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि त्याच्यावर पाणी धरतं. आत दोन माणसं रात्रभर श्वास सोडत असतात, त्यातला एक तर घोरून सोडत असतो; ती वाफ त्याच कापडाला आतल्या बाजूने चिकटते. सकाळी टेंट दोन्हीकडून ओला. त्यात नायलॉन स्वतःही थोडं पाणी पितं आणि पाणी प्यायलं की सैलावतं. रात्री तबल्यासारखा ताणून बांधलेला टेंट सकाळी पोट सोडून उभा असतो, तो याच कारणाने. वर खाली चिकटलेलं गवत, दोन-चार गोगलगाई, कोणाचा तरी एक मोजा. थोडक्यात, काल जो टेंट घेऊन आपण आलो तो हा नव्हे. हा रात्रीत वाढलेला आहे. पिशवी कालचीच आहे.

अशा वेळी गटात कामाची वाटणी न सांगता होते. एक असतो घडी घालणारा. हा बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि कोपऱ्याला कोपरा जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. एक असतो गुडघा. याला नाव असतं, पण या वेळी त्याचा फक्त गुडघाच लागतो. गुंडाळीवर तो टेकवून बसायचं आणि उठायचं नाही. एक सल्लागार असतो, ज्याच्या हातात चहाचा कप असल्यामुळे त्याला बाकी कशाला हात लावता येत नाही. आणि एक जण पिशवीचं तोंड फाकवून उभा. सगळ्यात हालाचं काम याचं, कारण पुढे जे काही बिघडतं त्याचं खापर याच्या डोक्यावर फुटतं.

"हवा काढली का?"

"काढली."

"मग ही फुगली कशी? दार बंद ठेवून गुंडाळलंत का?"

"..."

"दाराची चेन उघडी ठेवायची असते हो. हवा जाणार कुठून?"

"उलगडा परत."

सल्लागाराचं म्हणणं बरोबर असतं, यातच सगळी चीड आहे. दार उघडं ठेवून, दाराच्या विरुद्ध बाजूने गुंडाळत आलं, तर हवा पुढे पुढे सरकत बाहेर पडते. तसं केलं तरी व्हायचं तेच होतं. अर्धी गुंडाळी आत जाते, अर्धी बाहेर राहते आणि गटात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो ढकला, दुसरा म्हणतो काढा. दोघेही आपापलं करतात. लीडर लांबून ओरडतो, "सातला निघायचं ठरलं होतं!" राजमाचीला उधेवाडीत हा कार्यक्रम चालू असताना एक मावशी हंडा घेऊन जाता जाता थांबल्या होत्या. सगळं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पडवीत झोपला असता तर काय पैसं पडलं असतं?" याला उत्तर नाही. सह्याद्रीत पिढ्यान्पिढ्या लोक गुहेत, देवळात नाहीतर कोणाच्या तरी पडवीत झोपत आले, आणि गुहेची घडी घालायची वेळ कधी कोणावर आली नाही.

आता यावरचा उपाय शाळेच्या भूमितीत आहे. टेंटची पिशवी म्हणजे वृत्तचिती. तिची लांबी आपल्या हातात नसते, ती पोल ठरवतात. पोलचे तुकडे बहुधा चाळीस ते पन्नास सेंटीमीटरचे. राहिली जाडी. लांबी ४५ सेंटीमीटर आणि व्यास १५ सेंटीमीटर धरला, तर पिशवीत जेमतेम आठ लिटर मावतात. तोच व्यास १८ केला, तर साडेअकरा लिटर. अवघी तीन सेंटीमीटर जाडी वाढवली आणि जागा जवळजवळ दीडपट झाली, कारण सूत्रात त्रिज्येचा वर्ग असतो. तीन सेंटीमीटर म्हणजे आडवी धरलेली दीड-दोन बोटं. एवढ्या फरकासाठी महाराष्ट्रातल्या किती मैत्र्या पहाटे सात वाजता पणाला लागल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वजन म्हणाल, तर पातळ कापडाच्या मोठ्या पिशवीने दहा-वीस ग्रॅम वाढतील. तेवढं वजन आपण परतताना चपलेला चिकटलेल्या चिखलाचं आणतो.

इतकं कळल्यावर माणूस वेगळी पिशवी घ्यायला दुकानात जातो आणि तिथे नवाच घोटाळा सुरू होतो. दुकानातला मुलगा तरुण असतो, उत्साही असतो आणि त्याने स्वतः फक्त पवना धरणाच्या काठी आयत्या लावलेल्या टेंटमध्ये मुक्काम केलेला असतो. तो पहिला प्रश्न विचारतो, "किती डेनियरची देऊ?" गिऱ्हाईक गप्प. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. नऊ किलोमीटर म्हणजे साधारण सीएसएमटीपासून दादरपर्यंतचं अंतर. रुळांच्या कडेने तेवढा धागा सोडत गेलात आणि दादरला उतरून तो सगळा गोळा करून तागडीत टाकलात, आणि तो वीस ग्रॅम भरला, तर ते वीस डेनियरचं सूत. मुंबईकराला हे लगेच समजतं. तेवढ्या अंतरात तो स्वतः किती घटतो हेही त्याला माहीत असतं.

वीस-तीस डेनियरच्या नायलॉनवर सिलिकॉन चढवलेली पिशवी हातात घेतली तर माशासारखी निसटते. हा गुण आहे. निसरड्या पिशवीत ओला टेंट सरकत जातो, खरबरीत पिशवीत अडतो. सत्तर डेनियरची जाड पिशवी टिकते जास्त, पण डोंगरावर टेंटची पिशवी काही काट्यांतून ओढत न्यायची नसते, ती सॅकच्या आत बसणार असते. म्हणजे तिच्या टिकाऊपणाचे जादा पैसे देण्यात फारसा अर्थ नाही. मग तो मुलगा काचेच्या कपाटातून एक पिशवी काढतो. अर्धपारदर्शक, चुरचुर वाजणारी, हातात घेतली की घेतलीय असं वाटतच नाही. हे डायनिमाचं कापड. शर्यतीच्या होड्यांच्या शिडांमधून आलेलं, ताणलं तरी न ताणलं जाणारं, पाणी न पिणारं आणि किंमत ऐकून आपल्याच तोंडचं पाणी पळवणारं. शिडासाठी 'ताणत नाही' ही अव्वल गोष्ट. पिशवीसाठी हा दुर्गुण आहे. साधं नायलॉन शेवटच्या क्षणी थोडं सैल सोडतं, माणसाला सांभाळून घेतं. डायनिमा तत्त्वाला पक्कं. पाव सेंटीमीटर सोडत नाही. घरात असा एक माणूस असला तरी पुरे होतो.

"मग ही कॉम्प्रेशनवाली बघा," मुलगा म्हणतो. हिला चारी बाजूंनी पट्टे आणि बकलं. टेंट भरायचा आणि पट्टे ओढत जायचं, की सगळं आवळून लहान. बघायला अतिशय समाधान देणारी वस्तू. पट्टा ओढताना येणारा तो करकर आवाज पुरुषवर्गाला विशेष भावतो. पण पिसांची झोपायची पिशवी आवळली तर लहान होते, कारण तिच्यात हवाच भरलेली असते. टेंट म्हणजे नुसतं कापड. त्याच्यात आवळण्यासारखी हवा फारशी नसते. थोडीफार जागा कमी होते आणि हाती येतो एक टणक गोळा. हा गोळा सॅकमध्ये ठेवला की त्याच्या आजूबाजूला मोकळ्या जागा राहतात, ज्यांत काहीच बसत नाही. एकसारखे गोळे कितीही अक्कलहुशारीने रचले तरी चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या वर जागा भरत नाही, असं केपलरने १६११ साली म्हणून ठेवलं होतं. ते गणिताने सिद्ध करायला टॉमस हेल्स यांना १९९८ साल उजाडावं लागलं. दरम्यानच्या पावणेचारशेहून जास्त वर्षांत सगळ्या फळवाल्यांना ते माहीत होतं, पण पट्टे ओढणाऱ्यांना अजून पटलेलं नाही. उलट ढिली पिशवी सॅकमध्ये ठेवा. ती पातेल्याच्या कडेने वाकते, स्टोव्हच्या खाली सरकते, कोपऱ्यात पाय पसरते. तिला आकार नाही म्हणूनच ती बसते.

राहिली ड्राय बॅग. तोंड तीनदा गुंडाळायचं, बकल लावायचं, आत थेंब जाणार नाही. पावसाळ्यात अंधारबनच्या वाटेवर निघालेला माणूस हिच्याकडे श्रद्धेने बघतो. पण जी पिशवी पाणी आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही, आणि टेंट तर आधीच पाणी घेऊन आत गेलेला असतो. तेव्हा तिचा खरा उपयोग उलटा आहे: टेंटला पावसापासून वाचवणं हे तिचं काम नाही, कोरड्या कपड्यांना टेंटपासून वाचवणं हे आहे. त्या कामाला ती उत्तम. फक्त तोंड गुंडाळताना आत अडकलेली हवा उशीसारखी फुगते आणि तिच्यावर पोटाने आडवं व्हावं लागतं, तेव्हा फुस्स असा एक आवाज येतो, ज्याबद्दल टेंटबाहेरचे लोक गैरसमज करून घेतात.

या सगळ्यात एक सल्ला खरोखर कामाचा आहे आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण त्यात त्यांचा फायदा असूनही त्यांना तो सुचत नाही. पिशव्या दोन घ्याव्यात. बाहेरचं ओलं कापड एकीत, आतला जाळीचा कोरडा टेंट दुसरीत. दोन्ही एका पिशवीत कोंबले तर तासाभरात दोन्ही सारखेच ओले होतात आणि दुसऱ्या रात्री ते अंगाला कळतं. पोल वेगळे, सॅकच्या बाजूला उभे. खिळे त्यांच्या छोट्या पिशवीत, नाहीतर ते आतून कापडाला भोकं पाडतात. पोल या कटातून बाहेर पडले की लांबीचं बंधनही सुटतं. मग पिशवी बुटकी-जाडी कशीही चालते.

ज्यांना पिशवीचा प्रश्न कधी पडलाच नाही असेही लोक होऊन गेले. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या छावणीचं सामान वाहायला काय लागतं त्याची यादी दिली आहे: शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल. यात पिशवीचं माप नाही. जिथे हत्ती मोजतात तिथे सेंटीमीटर मोजत नाहीत. औरंगजेबाबरोबर काश्मीरपर्यंत गेलेल्या फ्रेंच प्रवासी बर्नियेने तर लिहून ठेवलंय, की बादशहाकडे तंबूंचे दोन संपूर्ण जोड होते. एका जोडात बादशहा झोपलेला असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर रवाना झालेला असे. म्हणजे सकाळी दवाने भिजलेला तंबू बादशहाच्या नजरेसमोर कधी गुंडाळला जात नसे. तो उठून निघून जाई आणि मागे कोणाचा गुडघा कशावर टेकला होता ते त्याला कळतही नसे. पंचवीस वर्षं हा माणूस दख्खनमध्ये तळ ठोकून बसला, त्याचं एक कारण माझ्या मते हे आहे. तंबू स्वतः आवरावा लागला असता तर पहिल्याच हिवाळ्यात दिल्लीला गेला असता.

दुसऱ्या टोकाला एमा गेटवूड. या अमेरिकन आजीबाईंनी १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकटीने पायी पूर्ण केली. सॅक नव्हती. घरी शिवलेली डेनिमची एक पिशवी एका खांद्यावर टाकलेली. टेंट नव्हता, पाऊस आला की अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. पायात कापडी बूट. अकरा मुलं वाढवलेल्या बाईला कशात काय मावतं हे कोणी शिकवायची गरज नव्हती. आज त्याच वाटेवर जाणारी मुलं आपल्या पिशवीचं वजन ग्रॅमच्या दशांशात सांगतात आणि आजींचं नावही मोठ्या आदराने घेतात. पण पडदा कोणी नेत नाही.

टेंटची घडी घालावी की तो कोंबावा, हा एक वेगळाच वाद आहे आणि त्यात समेट होण्याची चिन्हं नाहीत. घडीवाल्यांचं म्हणणं, शिस्त पाहिजे. कोंबणाऱ्यांचं म्हणणं, त्याच त्याच रेघांवर घडी पडली की कापडावरचा लेप तिथे झिजतो, म्हणून जसं हाताला येईल तसं मुठीमुठीने आत ढकलावं. शास्त्र थोडंफार कोंबणाऱ्यांच्या बाजूला आहे. पण मराठी मध्यमवर्गीय माणसाला कोंबणं हे पाप वाटतं. लहानपणापासून कपाटावरून बोलणी खाल्लेली असतात. त्याला मोठी पिशवी द्या, शास्त्र समजावून सांगा, पाठ वळवा. तो बसून घडीच घालत असेल. घडी घालून झाल्यावर मोठ्या पिशवीत उरलेली रिकामी जागा बघून त्याला वाईट वाटेल, आणि ती जागा वाया जाऊ नये म्हणून तो तिच्यात टॉवेल घालेल. ओल्या टेंटबरोबर. मग टॉवेल शोधेल.

शेवटी मी पाहिलेली सगळ्यात नामी पिशवी दुकानातली नव्हे. पुण्यात रविवार पेठेच्या आसपास ताडपत्री, पट्टे, बकलं, दोऱ्या असलं सगळं मिळतं आणि तिथून जवळच बॅगांच्या चेन बदलून देणारे, छत्र्या शिवणारे कारागीर बसतात. गटातल्या एका मैत्रिणीने जुन्या टेंटचं फाटकं कापड अशाच एका कारागिराकडे नेलं. त्याने कापड दोन बोटांत चोळलं.

"काय घालणार आत?"

"टेंट."

"आणलाय?"

तिने आणला होता. त्याने तो न गुंडाळता, होता तसा कवेत घेतला, दोन्ही हातांनी मिठी मारून बघितला आणि टेप न लावताच म्हणाला, "ताई, मापात शिवली तर आज बसेल, उद्या नाही. शाळेचा गणवेश घेतो तशी वाढत्या अंगाची शिवतो."

एका वाक्यात त्याने भूमिती, दव आणि नायलॉनचा स्वभाव सगळं संपवलं होतं. शाळेचा शर्ट कोपरापर्यंत यायचा आणि चड्डी गुडघ्याखाली, तेव्हा आपण रडलो होतो; पण तिसरीतला गणवेश पाचवीपर्यंत पुरला होता. त्या कारागिराने तळाला गोल तुकडा लावला, त्याला बाहेरून एक पट्टी शिवली. पट्टी कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "काढताना तळ धरून ओढायला काहीतरी नको का?" दुकानातल्या महागड्या पिशव्यांना तळाची पट्टी असतेच असं नाही. नाडीसाठी त्याने छत्रीची जाड दोरी वापरली, का तर गारठलेल्या बोटांना बारीक दोरी सापडत नाही. हा माणूस रात्री कधी डोंगरावर राहिलेला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "एवढं सगळं घेऊन जायचं आणि परत आणायचं, मग जायचं कशाला?"

रंग तेवढा भडक घ्यावा. हिरवी पिशवी गवतात ठेवली की संपली. आणि टेंट बाहेर काढल्या क्षणी रिकामी पिशवी खिशात जावी, कारण सगळ्या सामानात वाऱ्याला सगळ्यात आधी तीच सापडते. याला अपवाद हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तिथे खालून वर येणारा वारा इतका जोरात असतो, की कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. तिथे एकाची पिशवी उडाली, तेव्हा बाकीच्यांनी हळहळ व्यक्त केली आणि ती वर येण्याची वाट बघत सगळे अर्धा तास बसून राहिले. पिशवी आली नाही. एक टोपी आली. ती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

खरी लांबण लागते ती घरी आल्यावर. ओला टेंट पिशवीत तसाच ठेवला तर बुरशी धरते, आणि कापडावर पॉलियुरेथेनचा लेप असला तर ओल आणि उष्णता मिळून तो लेप हळूहळू सडतो. चिकट होतो, आंबूस घाण वास मारायला लागतो. मुंबईच्या हवेत ओल आणि उष्णता या दोन गोष्टींचा तुटवडा कधीच नसतो. म्हणून आल्या आल्या टेंट वाळवायचा. गच्ची असेल तर गच्चीत, पण तिथे सोसायटीचे सेक्रेटरी येऊन विचारतात, "कोणी पाहुणे आहेत का?" गच्ची नसेल तर दिवाणखान्यात, सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये. पंखा पूर्ण वेगात. आजोबा बातम्या बघायला टेंटच्या आतून येतात आणि जाळीच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि त्यांना ते आवडतं असा माझा संशय आहे.

वाळला, की तो मूळच्या पिशवीत अजिबात ठेवायचा नाही. महिनोन् महिने आवळून पडलेलं कापड घड्यांवर म्हातारं होतं. त्याला घरी ढगळ जागा लागते: मोठा सुती अभ्रा किंवा जुन्या चादरीची पिशवी, तोंड सैल, वर माळ्यावर. म्हणजे हिशेबाने, पोल आणि खिळ्यांच्या पिशव्या सोडूनही, एका टेंटला चार पिशव्या झाल्या. बाहेरच्या कापडाची, आतल्या टेंटची, घरातली, आणि कारखान्यातून आलेली ती पहिली. ही चौथी कुठल्याच कामाची नसते आणि तरी टाकवत नाही, कारण आपल्या घरात चांगली पिशवी टाकण्याची पद्धत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लागते. काही दिवसांनी दिसत नाही. चौकशी केली तर कळतं, की तिच्यात गणपतीच्या मखराच्या काठ्या बसवल्या आहेत आणि अगदी बरोबर बसल्या आहेत, दोन बोटं जागा उरून.

"तुमच्या त्या पोलची लांब पिशवी आहे ना," आतून आवाज येतो, "तीपण द्या. पडद्यांचे रॉड आहेत."